खिडकीच्या पल्ल्यातलं लोखंड: बनतं कसं, बसवायचं कसं

यूपीव्हीसी खिडकीचा पल्ला उचलला की जे वजन जाणवतं, त्यातलं बरंचसं काचेचं असतं. उरलेल्यात मोठा वाटा प्रोफाइलच्या (पल्ला ज्या पोकळ प्लास्टिकच्या पट्ट्यांचा बनतो त्यांच्या) पोटात सरकवलेल्या जीआय सेक्शनचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा असतो. बाहेरून तो दिसत नाही, आणि पल्ला एकदा वेल्ड झाला की बाहेर काढताही येत नाही. त्यामुळे या कामात नव्याने येणाऱ्याने सगळ्यात आधी हाच भाग नीट शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. प्रोफाइल कापणं, वेल्डिंग, काच बसवणं यातली चूक डोळ्यांना दिसते आणि सुधारता येते. लोखंडातली चूक मात्र पहिल्या जोराच्या वाऱ्यात किंवा पहिल्या कडक उन्हाळ्यात कळते.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नुसतं लोखंड आत असून काही साधत नाही. ते योग्य दिशेने बसलेलं हवं, अखंड हवं, स्क्रूने प्रोफाइलला बांधलेलं हवं आणि बिजागरीचे, लॉकचे स्क्रू त्यात रुतलेले हवेत. या चारांपैकी एक जरी चुकलं तरी पल्ल्याचं नुसतं वजन वाढतं.

लोखंड लागतंच कशाला

पीव्हीसी पाण्याने कुजत नाही, त्याला रंग लागत नाही, पण ते लवचिक असतं. खिडकीच्या प्रोफाइलचा ताठरपणा मोजला तर तो साधारण २,२०० ते २,७०० न्यूटन प्रति चौरस मि.मी. भरतो. लोखंडाचा तोच आकडा २,१०,००० च्या आसपास आहे, म्हणजे ऐंशीपट किंवा त्याहूनही जास्त. पोकळ प्रोफाइलमध्ये दीड मि.मी. जाडीचा छोटा सेक्शन घातला तरी वाकण्याला होणारा विरोध बहुतांशी त्या सेक्शनकडूनच येतो.

दुसरं कारण उष्णतेचं. दोन मीटर लांबीचं पीव्हीसी प्रोफाइल ४० अंशांनी तापलं तर मोकळं असताना ते साडेपाच ते सहा मि.मी. वाढतं. तेवढ्याच लांबीचं लोखंड जेमतेम एक मि.मी. वाढतं. शिवाय ऊन फक्त बाहेरच्या अंगाला लागतं. बाहेरचं अंग लांब होतं, आतलं तसंच राहतं आणि पल्ला बाहेरच्या बाजूला फुगतो. मग लॉकचे खिळे आपल्या खाचेत बसत नाहीत, गॅस्केटची (फट बंद करणाऱ्या रबरी पट्टीची) पकड सुटते आणि दुपारी खिडकी लागेनाशी होते. लाकडी छटेच्या किंवा गडद फॉइलच्या प्रोफाइलमध्ये हा त्रास पांढऱ्यापेक्षा खूप जास्त, कारण गडद पृष्ठभाग जास्त तापतो. म्हणूनच बहुतेक प्रोफाइल कंपन्या पांढऱ्या रंगाच्या लहान पल्ल्यात लोखंड वगळण्याची मुभा देतात, पण रंगीत पल्ल्यात माप कितीही असो, ते घालायलाच सांगतात. आपण जे प्रोफाइल वापरतो त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत याचा तक्ता असतो. अंदाजाने ठरवू नका, तो तक्ता शेवटचा शब्द माना.

तिसरं कारण साधं आहे. बिजागरीच्या स्क्रूला धरायला काहीतरी घट्ट लागतं. काच दर मि.मी. जाडीला प्रति चौरस मीटर अडीच किलो भरते. ५ मि.मी.च्या दोन काचांचं डबल ग्लेझिंग म्हणजे चौरस मीटरला २५ किलो. ६०० बाय १२०० मि.मी.च्या पल्ल्यावर १८ किलोच्या आसपास काच लटकते आणि दर उघडझापीला तो भार बिजागरीवर येतो. फक्त प्लास्टिकच्या भिंतीत घुसलेला स्क्रू हे फार दिवस सोसत नाही.

सेक्शन बनतो कसा

कच्चा माल म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची मोठी गुंडाळी, कॉइल. पातळ पत्रा सुमारे ४५० अंशांवरच्या वितळलेल्या जस्तातून सलग ओढून हा थर चढवलेला असतो. थर किती आहे ते दोन्ही बाजू मिळून ग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये सांगतात. २७५ ग्रॅम म्हणजे एका बाजूला जवळपास १९ मायक्रॉन आणि १२० ग्रॅम म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. दमट किंवा समुद्राजवळच्या हवेत जाणाऱ्या मालासाठी मी जाड थरच मागेन.

कॉइल आधी उभी चिरून हव्या त्या रुंदीच्या पट्ट्या करतात. ही रुंदी म्हणजे बाहेरच्या मापांची नुसती बेरीज नव्हे. १५, ३० आणि १५ मि.मी.चा यू सेक्शन करायचा असेल तर बेरीज ६० येते, पण दोन्ही वळणांवर पत्रा गोल फिरतो, म्हणून दीड मि.मी. जाडीला पट्टी सुमारे ५ मि.मी. अरुंद घ्यावी लागते. इथे पट्टी रुंद राहिली तर सेक्शन मोठा होतो आणि प्रोफाइलच्या कप्प्यात अडकतो.

पट्टी मग रोल फॉर्मिंगच्या ओळीत जाते. एकामागे एक मांडलेल्या रोलरच्या जोड्या तिला थोडं थोडं वाकवत नेतात. प्रत्येक जोडी आधीच्यापेक्षा काही अंशच जास्त वाकवते. पत्रा थंडच असतो, त्याला गरम करत नाहीत. घाई केली, म्हणजे कमी जोड्यांत पूर्ण वळण घ्यायला गेलं, की कडा ताणल्या जातात आणि सेक्शन धनुकलीसारखा वाकडा किंवा पिळलेला बाहेर येतो. शेवटच्या जोड्या काटकोनापेक्षा किंचित जास्त वाकवतात, कारण दाब सुटला की पत्रा थोडा मागे उलगडतो. ओळीच्या शेवटी सरळ करणारे रोलर असतात आणि त्यानंतर ठरलेल्या लांबीवर कापणी होते. लांबी बहुधा प्रोफाइलच्या लांबीएवढीच, सहा मीटरच्या आसपास ठेवतात.

छोट्या कारखान्यात प्रेस ब्रेकवर यू किंवा एल वाकवता येतो, आणि थोड्या मालासाठी ते ठीक आहे. बंद चौकोनी नळी मात्र तशी होत नाही. काही जण बाजारातली साधी काळी चौकोनी नळी घालतात. ते करू नका. तिच्यावर जस्त नसतं आणि प्रोफाइलच्या आत ओल पोचली की गंज चढत जातो. जस्ताचा पत्रा वाकवून शिवण वेल्ड केलेली नळी घेत असाल, तर शिवणीवर जळालेला थर पुन्हा चढवलेला आहे का ते पाहून घ्या.

माल आला की तो कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून उचलून ठेवा. भिजलेल्या बंडलात सेक्शन एकमेकांना चिकटून राहिले तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. तो जस्ताचा गंज असतो, आणि संरक्षक थर तेवढा खर्ची पडलेला असतो.

जाडी आणि खोली

नवीन माणूस आधी जाडी विचारतो: १.२ की १.५ की २? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. वारा ज्या दिशेने ढकलतो त्या दिशेतली सेक्शनची खोली जाडीपेक्षा जास्त काम करते. सेक्शनचा आकार वाकण्याला किती विरोध करतो हे तक्त्यात सेंटिमीटरच्या चौथ्या घातात, आयएक्स या नावाने दिलेलं असतं. आकडे बघा.

२० बाय ३० मि.मी.ची, १.५ जाडीची नळी घेतली आणि ३० ची बाजू वाऱ्याच्या दिशेत ठेवली तर आयएक्स साधारण १.७ येतो. जाडी २ मि.मी. केली की तो सुमारे २.२ होतो. जाडी १.५ च ठेवून खोली ३० ची ३५ केली तर २.५ होतो. म्हणजे ५ मि.मी. खोलीने अर्धा मि.मी. जाडीपेक्षा जास्त फायदा दिला. आता मूळची नळीच आडवी फिरवा, २० ची बाजू वाऱ्याच्या दिशेत. आयएक्स ०.९ वर येतो. लोखंड तेवढंच, वजन तेवढंच, ताकद जवळपास निम्मी. यू सेक्शन असाच आडवा सरकवला की तोच घात होतो, म्हणून ज्या प्रोफाइलच्या कप्प्यात सेक्शन दोन्ही दिशांनी जाऊ शकतो तिथे पुस्तिकेतलं चित्र समोर ठेवूनच काम करा.

किती आयएक्स लागतो हे काढायला सरकत्या खिडकीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे मधला इंटरलॉक, म्हणजे दोन पल्ले जिथे एकमेकांत अडकतात तो जोड, उभा असतो आणि त्याच्यामागे चौकटीचा आधार नसतो. उंची १५०० मि.मी., दोन पल्ले, प्रत्येकी ७५० रुंद. दोन्ही पल्ल्यांचा अर्धा अर्धा भार इंटरलॉकवर येतो, म्हणजे ७५० मि.मी. रुंदीचा पट्टा. वाऱ्याचा दाब १,००० पास्कल धरला आणि उंचीच्या दोनशेव्या भागापेक्षा, म्हणजे ७.५ मि.मी.पेक्षा जास्त वाकू द्यायचं नाही असं ठरवलं, तर एकूण ३.१ च्या आसपास आयएक्स लागतो. एकमेकांत अडकणारे दोन उभे मिळून तो देतात, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १.६. वर सांगितलेली १.५ जाडीची नळी इथे जेमतेम पुरते.

आता उंची २१०० करा, बाकी सगळं तेच. गरज ३.१ वरून ८.६ वर जाते. वाकण्याची मर्यादा उंचीच्या प्रमाणात धरली तरी लागणारी ताकद उंचीच्या घनाने वाढते. गिऱ्हाईक ‘तीच खिडकी, फक्त थोडी उंच’ म्हणतं तेव्हा हे लक्षात ठेवा. उंच सरकत्या पल्ल्याला तेच लोखंड घालून दिलं तर वाऱ्यात मधली रेघ पोट काढते आणि फटीतून पाणी आत येतं.

अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शनही काही ठिकाणी वापरतात. ते हलके असतात, गंजत नाहीत, पण ताठरपणा लोखंडाच्या एक तृतीयांश. म्हणजे त्याच आकाराचा सेक्शन तिप्पट वाकणार. डिझाइनमध्ये तसं लिहिलं असेल तरच घ्या.

कापणी

प्रोफाइल ४५ अंशांत कापतो, लोखंड बहुधा काटकोनातच. वेल्डिंगची प्लेट २४० ते २५० अंशांना असते आणि ती प्रत्येक टोकाचं अडीच ते तीन मि.मी. प्लास्टिक वितळवते. लोखंडाचं टोक तिथपर्यंत पोचलं तर प्लेटला ठोकर बसते, दोन्ही प्रोफाइल एकमेकांवर पूर्ण दाबले जात नाहीत आणि कोपरा वरून बरा दिसत असला तरी आतून कच्चा राहतो. म्हणून लोखंडाचा कोणताही कोपरा प्रोफाइलच्या कापापासून साधारण १० मि.मी. मागे ठेवा. पुस्तिकेत वेगळं माप असेल तर ते. त्याहून फार मागेही नको, कारण कोपऱ्याजवळच बिजागरीचे स्क्रू येतात.

कापायला थंड चालणारी सर्क्युलर सॉ किंवा बँड सॉ वापरा. अपघर्षक चाकाचा कटर स्वस्त पडतो, पण त्याच्या ठिणग्यांचा त्रास मोठा आहे. तापलेले लोखंडाचे कण आजूबाजूच्या पांढऱ्या प्रोफाइलवर उडून रुततात. त्या दिवशी काही दिसत नाही. थोडी ओल लागली की तिथे तांबूस ठिपके उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. शिवाय चाकाच्या उष्णतेने कापाजवळचं जस्त जळतं. लोखंड कापायची जागा प्रोफाइलच्या टेबलापासून दूर, शक्य असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा.

कापल्यावर टोकांची बर कानसीने काढा. धारदार बर आतल्या भिंतीला चरे पाडत जाते आणि हातही कापते, त्यामुळे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. उघड्या कापावर जस्तयुक्त प्रायमरचा एक हात द्या. कडेचं जस्त आपण झिजून शेजारच्या उघड्या लोखंडाला थोडंफार वाचवतं, पण दमट हवेत तेवढ्यावर विसंबू नये.

उरलेले दोन तुकडे जोडून एक लांबी भरून काढायचा मोह होतो. जोडावर सेक्शन जणू नाहीच, आणि जोड बहुधा मधोमध येतो, जिथे वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त. तुकडे लहान पल्ल्यांच्या आडव्या पट्ट्यांसाठी बाजूला ठेवा.

बसवण्याचा क्रम

१. प्रोफाइल कापा. वेल्डिंगमध्ये जळणारं माप दोन्ही टोकांना धरलेलं असू द्या.

२. पाण्याच्या निचऱ्याचे स्लॉट आणि हवेची भोकं पाडा. ती लोखंडाच्या कप्प्यातून जाता कामा नयेत, पुढच्या वेगळ्या कप्प्यातूनच पाणी बाहेर पडलं पाहिजे. हँडल आणि लॉकच्या भोकांचा क्रम तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. कॉपी राउटर लोखंडातून भोक पाडू शकत असेल तर ते काम लोखंड बसवल्यावर करा, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात.

३. प्रोफाइलच्या आतला कीस झटकून काढा आणि लोखंड हाताने सरकवा. किंचित घासत, पण हाताच्या जोराने जायला हवं. हातोडी मारावी लागत असेल तर सेक्शन मोठा आहे किंवा वाकडा आहे, आणि ठोकून बसवलेलं लोखंड प्रोफाइलच्या भिंती फुगवतं. उलट आत खडखडत असेल तर तो त्या प्रोफाइलचा सेक्शनच नव्हे.

४. दोन्ही टोकांचं अंतर सारखं करा आणि स्क्रू लावा.

५. वेल्डिंग, कोपऱ्यांची सफाई, गॅस्केट, हार्डवेअर, काच.

चौथ्या पायरीवर जरा थांबू, कारण कारखान्यात घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तिलाच कात्री लागते. लोखंड आणि प्रोफाइल स्क्रूने बांधलेलं नसेल तर ऊन लागल्यावर प्लास्टिक मोकळेपणी लांब होतं आणि लोखंड आत नुसतं पडून राहतं. साधारण ३.९ मि.मी. व्यासाचे, १६ किंवा १९ मि.मी. लांबीचे, स्वतःच भोक पाडणारे चपट्या डोक्याचे स्क्रू वापरतात. पांढऱ्या प्रोफाइलला दोन स्क्रूंमधलं अंतर ३०० मि.मी.पर्यंत चालतं. रंगीत असेल तर २५० किंवा त्याहून कमी ठेवा. टोकाकडचा स्क्रू लोखंडाच्या टोकाच्या जवळ हवा, नाहीतर शेवटचा तुकडा बांधलेलाच राहत नाही. जागा अशी निवडा की पल्ला बंद झाल्यावर डोकं दिसणार नाही, आणि काचेच्या पॅकरखाली (काच आणि प्रोफाइलमध्ये ठेवायच्या छोट्या आधारपट्टीखाली) किंवा हार्डवेअरच्या खाचेत अडथळा होणार नाही.

स्क्रू मशीनचा दाब बेताचा ठेवा. टोक लोखंडात शिरायला क्षणभर वेळ घेतं, त्या क्षणी जोर लावला तर टोक जळतं. शिरल्यावर डोकं प्रोफाइलला टेकलं की थांबा. आणखी फिरवलं तर लोखंडातले आटे उडतात, स्क्रू गरगर फिरायला लागतो आणि त्याची पकड संपते. असा स्क्रू काढून शेजारी दुसरा लावा.

बिजागरी, लॉक आणि कोपरे

हार्डवेअरचा प्रत्येक भार घेणारा स्क्रू लोखंडात गेला पाहिजे. स्क्रू पुरेसा लांब आहे का ते प्रोफाइलच्या एका तुकड्यावर आधी लावून बघा: प्लास्टिकची भिंत, मधली पोकळी आणि मग लोखंड, एवढं पार करून टोक दोन-तीन आटे तरी पलीकडे निघायला हवं. लॉकच्या गिअरबॉक्ससाठी लोखंडात खाच पाडावी लागली तर ती गरजेपुरतीच पाडा आणि मागची बाजू अखंड ठेवा.

कोपऱ्यात लोखंड नसतं, हे वर आलंच. म्हणून दाराएवढ्या मोठ्या आणि जड पल्ल्यांसाठी वेल्ड होणारे कोपऱ्याचे ठोकळे मिळतात. ते लोखंडाच्या टोकाला स्क्रूने बसतात आणि प्रोफाइलबरोबरच वितळून एकजीव होतात. नेहमीच्या खिडकीला त्यांची गरज नसते.

इथे एक गैरसमज फार आढळतो. पल्ला खाली झुकला, घासायला लागला, की लोखंड कमी पडलं असं म्हणतात. लोखंड पट्टीला वाकू देत नाही, पण चौकोन तिरका होण्यापासून ते वाचवत नाही. ते काम काच करते, पॅकर योग्य ठिकाणी असतील तर. बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात एक पॅकर आणि तिरकस समोर, लॉकच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात दुसरा. त्यामुळे काचेचा भार तिरका होऊन खालच्या बिजागरीकडे जातो. झुकलेल्या पल्ल्याची काच काढून पॅकर पुन्हा लावले की बरेचदा काम होतं.

तपासणी

बाहेरून आलेल्या सेक्शनची जाडी मायक्रोमीटरने मोजा. तो हाताशी नसेल तर वजन करा. वर घेतलेल्या २० बाय ३० च्या नळीचा एक मीटर तुकडा १.५ जाडीला १.१ किलोच्या आसपास भरतो, कोपरे गोल असतात म्हणून किंचित कमी. तोच १.२ चा असेल तर ०.९ किलो. हा फरक साध्या वजनकाट्यावरही कळतो, त्यामुळे प्रत्येक खेपेतून एक-दोन तुकडे वजन करून बघायला काहीच हरकत नाही.

तयार पल्ल्यासाठी जोरकस चुंबक पुरेसा आहे. प्रोफाइलच्या बाहेरच्या भिंती तीनेक मि.मी.च्या असतात, त्यातून चुंबकाला लोखंडाची ओढ जाणवते. कोपऱ्यापासून सुरू करून पट्टीवरून हळूहळू सरकवत न्या. ओढ कुठे सुरू होते, मध्ये कुठे तुटते का, दुसऱ्या टोकाला कुठे संपते, हे पेन्सिलने खुणा करून ठेवा. मध्ये ओढ गेली तर तिथे जोड आहे किंवा तुकडा कमी पडला आहे. चारही बाजूंना करा, आडव्या पट्ट्या बरेचदा रिकाम्या सुटलेल्या असतात. चुंबक जाडी सांगत नाही आणि स्क्रूही सांगत नाही. स्क्रू पाहायला काचेची बीडिंग (काच धरून ठेवणारी पट्टी) काढून खाचेत डोकी मोजावी लागतात.

लोखंड नसलेला पल्ला बसून गेलेला असेल तर वेल्ड झालेल्या कोपऱ्यांमुळे ते नंतर आत सरकवता येत नाही. बाहेरून पट्टी ठोकणं, प्रोफाइलमध्ये फोम किंवा सिमेंट भरणं असले उपाय सुचवले जातात, त्यांनी निचऱ्याचे मार्ग बुजतात आणि पल्ला विनाकारण जड होतो. काच आणि हार्डवेअर काढून ठेवा, चौकट तशीच राहू द्या आणि त्याच मापाचा नवा पल्ला लोखंडासकट करून घ्या.